बॉयलरच्या लेखी आम्ही बाहेरगावी

आधीच सांगून ठेवतो, पुढे जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा बसला नाही, आणि तो माणूस टीव्हीवरच्या केस उगवणाऱ्या तेलाच्या तीन बाटल्या घेऊन बसलाय. पण तुम्ही आमच्याच जिन्यात १०१ नंबरच्या घरात नवीन राहायला आलात, या ज्येष्ठांच्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलंत, आणि टाकल्या टाकल्या साधासुधा प्रश्न विचारलात, की बॉयलरची दरवर्षी सर्व्हिसिंग करून घेण्यात काही अर्थ आहे का, का साठ हजार वॉन नुसते पाण्यात. आमच्या १०७ नंबरच्या इमारतीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. विचारला तर समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हसतो. तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. आमचा शेजारी मो आज डोळे तपासायला दवाखान्यात गेलाय, म्हणजे मधे मधे टोकणारंही कुणी नाही.

मी एकतीस वर्षं चुंचॉन शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. हे मिरवायला सांगत नाही. या इमारतीत कुणाच्या घरी बल्ब गेला, कुकरची शिट्टी बिघडली, की लोक म्हणतात, "योमसरांना विचारा." मी बल्बाकडे बघून मान हलवतो, ते नवीन बल्ब आणतात, उजेड पडतो, श्रेय मला. असं करत करत माझा शब्द या जिन्यावरच्या घरांत फार वजनदार होऊन बसला होता. वजनदार वस्तू पडली की आवाजही तसाच होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरची गोष्ट. सकाळी मी भाताचा पहिला घास घेतला आणि छतातला कर्णा बोलू लागला. तुमच्याही दिवाणखान्यात आहे तो, कळेलच. इथलं व्यवस्थापन कार्यालय माणसाच्या डोक्यावरून बोलतं आणि त्याला बंद करायचं बटण नाही. "नमस्कार. थंडी तोंडावर आली आहे. वीस घरं तयार झाली तर सर्वांच्या बॉयलरची सर्व्हिसिंग एकत्र, सवलतीच्या दरात करून मिळेल. इच्छुकांनी नावं द्यावीत."

तुम्हाला खरं सांगतो, मला राग आला. साठ हजार वॉन कशाचे? माणूस येणार, झाकण काढणार, फुंकर मारणार, झाकण लावणार, आणि जाताना "बराच कचरा होता हो" म्हणणार. आमच्या बॉयलरला चौदा वर्षांत मी बोट लावलं नव्हतं. वर्षातून दोनदा गॅसवाली बाई तपासायला यायची, तिलाही दारातूनच "सगळं उत्तम आहे" म्हणून सही करून देत असे. आणि ज्या जमिनीखालच्या पाइपांत हा बॉयलर गरम पाणी सोडतो, ती आमच्या घरातली जमीन? या थंडीत अनवाणी चाललं तरी तळव्यांना गुदगुल्या होतील इतकी ऊबदार. गॅसचं एवढंसं बिल बघून मीटरवाल्याने एकदा मीटरलाच थाप मारून पाहिली होती.

याचं गुपित मी फक्त जवळच्यांना सांगत असे, म्हणजे जो भेटेल त्याला. भिंतीवरच्या बॉयलरच्या डबीवर एक बटण असतं, 'बाहेर' असं लिहिलेलं. बाहेर जाताना दाबायचं. अडाणी माणसं ते फक्त बाहेर जातानाच दाबतात. मी चौदा वर्षांपूर्वी दाबलं आणि बाहेर गेलोच नाही. गॅस निम्म्याहून कमी, ऊब पूर्ण. विज्ञान म्हणजे दुसरं काय असतं?

त्या महिन्याच्या जिन्याच्या बैठकीत मी उठून बोललो. दर पंचवीस तारखेला जिन्यातली सगळी घरं एकेकाच्या घरी जमतात, तुम्हालाही यावं लागेल, मांस-किमची असते. मी म्हणालो, "सर्व्हिसिंग म्हणजे घाबरट माणसांवरचा कर आहे." टाळ्या पडल्या. टाळ्यांचं एक वाईट असतं, माणूस पुढचं वाक्य जास्त मोठं बोलतो. मी म्हणालो, "या हिवाळ्यात माझ्या घरची जमीन गार पडली, तर शंभरदा सांगतो, पूर्ण इमारतीसमोरचा बर्फ मार्चपर्यंत मी एकटा काढीन."

३०१ मधला मो, हा बँकेतला निवृत्त कारकून, आमचं इतिवृत्त लिहितो. त्याने मान वर न करता विचारलं, "फावडं स्वतःचं का कार्यालयाचं?"

"स्वतःचं," मी म्हणालो.

"लिहिलं," मो म्हणाला.

नावं नोंदवली होती अठरा घरांनी. माझ्या भाषणानंतर उरली चार. सवलत गेली, सर्व्हिसिंग गेली. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला ते विसरता आलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी अंथरुणातून पाय खाली ठेवला आणि तो तसाच वर घेतला. जमीन गार. गार म्हणजे कशी, तर ग्लासात काढून ठेवलेली माझी कवळी एकटीच कडकड वाजत होती. आमची ही, योंगरान, स्वयंपाकघरात दोन कोट घालून भात वाढत होती. फ्रिजचं दार तिने उघडं ठेवलं होतं. आतून ऊब येत होती म्हणे.

"अहो, ते 'बाहेर'चं बटण बंद करून पाहू या का?" ही म्हणाली.

"चौदा वर्षं याच बटणावर जमीन तापली," मी म्हणालो. "मग बटणाचा दोष कसा? तर्कशास्त्र म्हणून काही असतं."

"तर्कशास्त्रावर बसून जेवा मग," ही म्हणाली आणि स्वतः दोन उशा घेऊन त्यांवर बसली.

आता माझी अडचण समजून घ्या. नोव्हेंबरची पंचवीस तारीख दहा दिवसांवर आली होती, आणि या खेपेची बैठक होती आमच्याच घरी. दाराशी चपला काढून बारा माणसं आत येणार आणि जमिनीवर बसणार. माणूस तोंडाने खोटं बोलू शकतो, डोळ्यांनीही बोलू शकतो, पण बारा जण खाली टेकले की जमिनीचं खरं काय ते बाराही बाजूंनी एकदम कळतं. दहा दिवसांत जमीन तापवायची, आणि कुणाला न कळता, एवढंच काम होतं.

मी सल्ला घ्यायचं ठरवलं, पण स्वतःसाठी नाही अशा पद्धतीने. लिफ्टमध्ये ६०१ वाल्या बाईंना म्हणालो, "माझ्या एका मित्राची जमीन गार पडली आहे." त्या म्हणाल्या, "पाइपांत हवा अडकली असेल, सिंकखालच्या चाव्या सोडून पाणी काढायला सांगा त्यांना. आणि सर, मित्राला म्हणावं तोवर पायमोजे घालून फिरा, तुमच्यासारखे." मी खाली पाहिलं. तीन जोड पायमोजे घातले होते, त्यातला एक हिचा, फुलाफुलांचा.

हत्यारांची लाकडी पेटी घेऊन मी सिंकखाली शिरलो. तिथे पितळी चाव्यांची एक रांग असते, प्रत्येक खोलीच्या जमिनीखालच्या पाइपांची एकेक. एका चावीला रबरी नळी जोडायची, नळीचं दुसरं टोक मोरीत सोडायचं, चावी उघडायची. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच नाही. त्याच दिवशी आमची हिवाळ्याची किमची घालायची होती आणि स्वयंपाकघराच्या मधोमध लाल रबरी टबात कोबीचे तीस गड्डे मिठात भिजत पडले होते, यातही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काही नव्हतं.

चावी उघडली. नळीने आधी एक उचकी दिली. मग मोरीतलं टोक उठलं, डुललं, खोलीभर एकदा पाहून घेतलं, आणि थेट टबाच्या दिशेने वळलं. पाणी कसलं, चौदा वर्षांचा काढा. शाईसारखं काळं, आणि वास असा की समोरच्या घरातलं कुत्रं रडायला लागलं. मी टोक पकडायला धावलो तेव्हा चावी सुटली, चावी पकडायला वळलो तेव्हा टोक. शेवटी नळी पायाखाली धरून मी बसून राहिलो आणि ती माझ्या खालून वाहत राहिली.

ही दारात येऊन उभी होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बोटाने गड्डे मोजले.

"तीस," ती म्हणाली.

"वरची पानं काढली की आतून..."

"तीस," ती पुन्हा म्हणाली, आणि बाजाराची पिशवी माझ्या हातात दिली.

दुसरे तीस गड्डे मी दोन फेऱ्यांत आणले. जमीन मात्र होती तशीच गार. उलट पाइपांतून आता पोटात गडबड झाल्यासारखा गुरगुराट येऊ लागला होता, आणि खालून वर येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो आमच्या दाराबाहेरून ऐकू येत असे. मोने एकदा थांबून विचारलंही, "सर, घरात जनावर पाळलंय का?"

शेवटी मी बॉयलर कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही, तीही आता त्या नावाने उरलेली नाही. फोनवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "आजोबा, बॉयलरच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीवर नंबर असेल, तेवढा वाचा." मागची बाजू भिंतीला टेकलेली. हिचा लहान आरसा काठीला बांधून आत सरकवला, तेव्हा नंबर दिसला, पण उलटा. मी उलट्याचा सुलटा करून वाचला. मुलगी म्हणाली, "हा तर भात शिजवायच्या भांड्याचा नंबर लागतोय. पुन्हा वाचता का?" पुन्हा वाचला. मग तिने कुणाच्या नावावर बॉयलर आहे ते विचारलं. तो होता आमच्या आधीच्या मालकाच्या नावावर, आणि ते गृहस्थ नऊ वर्षांपूर्वी वारले. "मग त्यांची संमती लागेल," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाई, मी त्यांना गाठलं असतं, पण जमीन अशीच गार राहिली तर मीच तिकडे जाईन, तेव्हा सही घेऊन येईन." हे तिने मनावर घेतलं असावं. एक मिस्त्री बावीस तारखेला पाठवते म्हणाली.

आता मिस्त्री येणार म्हणजे फाटकावरच्या रजिस्टरात त्याचं नाव, कुणाकडे, कशासाठी, सगळं लिहावं लागणार, आणि ते रजिस्टर मो रोज वर्तमानपत्रासारखं वाचतो. म्हणून मी सकाळपासून फाटकाबाहेर उभा राहिलो. मिस्त्री आला. नाव बोंग, वय पन्नाशीचं, अंगात कंपनीचं निळं जाकीट, पाठीवर ज्वाळेचं चित्र.

"मिस्त्री, एक विनंती," मी म्हणालो. "जाकीट उलटं करून घाला. आणि ही नाशपतींची पेटी हातात धरा. तुम्ही माझे भाचे आहात."

बोंगने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजोबा, बॉयलरच बघायचाय ना?"

"भाच्याने बघायचाय."

त्याने खांदे उडवले आणि जाकीट उलटं केलं. उलट्या बाजूने अस्तर केशरी होतं, म्हणजे आता तो दोन इमारतींपलीकडूनही दिसत होता. रजिस्टरात मी लिहिलं, 'भाचा. मामीच्या हातची किमची खायला.' लिफ्टमध्ये मो होताच. मला वाटतं तो लिफ्टमध्येच राहतो.

"भाचा का?" मो म्हणाला. "छान. काय करतोस बाळ?"

बोंग खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "बॉयलर दुरुस्त करतो."

मी चटकन म्हणालो, "पण आज सुट्टीवर आहे."

"हो का," मो म्हणाला, आणि बोंगच्या हातातल्या पेटीकडे पाहत राहिला. पेटी नाशपतींची होती हे खरं, पण तिच्यावर पान्हा ठेवला होता.

वर पोचून दार लावतोय तोच छतातला कर्णा बोलला. "नमस्कार. १०७ इमारतीसमोर अग्निशमनाच्या जागेत बॉयलर दुरुस्तीची गाडी उभी आहे. ५०२ च्या भाच्यांनी कृपया ती हलवावी." ५०२ म्हणजे आम्ही, आणि हे साडेचारशे घरांच्या छतांतून एकदम. बोंग गाडी हलवायला खाली गेला आणि मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर गार पाणी मारलं. गरम मारलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्या वेळी मला स्वतःवर दया नको होती.

बोंग परत आला आणि मागच्या गॅलरीत बॉयलरसमोर बसला. झाकण काढलं. फुंकर मारली नाही. मी वाट बघत होतो. त्याने ब्रशने आतली काजळी काढली, धुळीचा एक गोळा काढला, तो एवढा की मी त्याला उशी समजलो. मग त्याने आतल्या पडद्यावर काहीतरी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे कधीपासून राहता?"

"चौदा वर्षं."

"नाही," बोंग म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"या बॉयलरच्या लेखी तुम्ही चौदा वर्षं बाहेरगावी आहात. याने तुमची जमीन एकदाही तापवलेली नाही. फक्त अंघोळीचं पाणी तापवलंय. 'बाहेर' बटण म्हणजे घर गोठायला आलं तरच पेटायचं. तुमचं घर कधी गोठायला आलंच नाही."

"पण जमीन गरम होती. तुम्हाला शपथेवर सांगतो, चौदा वर्षं गरम होती."

बोंगने वाकून जमिनीवर टकटक केलं. "खाली कोण राहतं?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाली ४०२ मध्ये राहतात या जमसुन मावशी. हो, याच, त्या कोपऱ्यात लसूण सोलत बसल्यात त्या. पेंगताहेत, त्यांना ऐकू जात नाही. तर या मावशी दर हिवाळ्यात सोयाबीनच्या वड्या घालतात, विटांएवढ्या, आणि त्या आंबायला घरभर टांगतात. वड्या गारठल्या की बिघडतात, म्हणून त्यांचा बॉयलर नोव्हेंबर ते फेब्रुवारी भट्टीसारखा चालू असतो. त्यांचं छत म्हणजे आमची जमीन. उष्णता वर जाते, हे मी एकतीस वर्षं मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवलं. आणि त्या नोव्हेंबरच्या मध्यावर मावशी मुलीच्या बाळंतपणाला बुसानला गेल्या होत्या.

हिने दारातून सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "म्हणजे मावशींचं गॅसचं बिल आपण चौदा वर्षं जाळलं."

"जाळलं नाही," मी म्हणालो. "वरच्या वर वापरलं."

मी उठून 'बाहेर'चं बटण बंद करायला गेलो. बोंगने माझं मनगट धरलं. माणूस शांत होता तो, पण पकड घट्ट होती.

"थांबा," तो म्हणाला. "इकडे बघा." बॉयलरच्या डोक्यावरून निघून भिंतीबाहेर जाणारी धुराची नळी त्याने बोटाने नुसती हलवली आणि ती कोपरापाशी निखळून त्याच्या हातात आली. चिकटपट्टी वाळून कापरासारखी झाली होती. "अंघोळीपुरता पाच मिनिटं पेटायचा, आणि या गॅलरीची खिडकी कुणीतरी वीतभर उघडी ठेवलीय, म्हणून धूर बाहेर गेला."

"माझ्या सोयासॉसच्या बरण्यांसाठी," ही म्हणाली. "वास कोंडतो."

"काकू, थंडी म्हणून तुम्ही ती खिडकी लावून घेतली असती, आणि आजोबांनी ते बटण दाबून जमीन तापवत ठेवली असती, तर..." बोंगने निखळलेली नळी जमिनीवर ठेवली. "त्या धुराला वास नसतो. माणूस झोपतो आणि झोपलेलाच राहतो. ही सर्व्हिसिंग आम्ही त्यासाठी करतो, आजोबा. धूळ काढणं हे आपलं वरवरचं."

हिने जाऊन खिडकी आणखी वीतभर उघडली. मग बोंगने नवीन नळी बसवली, सांधे पक्के केले, साबणाचा फेस लावून गळती पाहिली, आणि सांगितलं, "आता दाबा." बॉयलर आधी खोकला, मग घुमू लागला. जाताना त्याने मजुरी सांगितली, सर्व्हिसिंग साठ हजार, नळी वेगळी. मी निमूट दिली. नाशपतींची पेटीही दिली. दाराशी त्याने जाकीट सुलटं केलं आणि विचारलं, "याच इमारतीत बाकीच्यांचे बॉयलरही त्याच काळातले असतील ना? त्यांनी करून घेतली का सर्व्हिसिंग?"

"चार जणांनी नुसती नावं दिलीत," मी म्हणालो.

"बाकीच्यांना सांगा तुम्ही," तो म्हणाला, आणि लिफ्ट खाली गेली.

आता पंचवीस तारीख. सकाळीच जमसुन मावशी बुसानहून परतल्या आणि घर गारठलं म्हणून आल्या आल्या त्यांनी बॉयलर पूर्ण सोडला. मीही आमचा पूर्ण सोडला होता, मोची जिरवायची म्हणून. संध्याकाळी बारा माणसं आली, मावशी धरून, आणि बसली. आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. ६०१ वाल्या बाई आधी डाव्या अंगावर झुकल्या, मग उजव्या. कुणीतरी गुडघे वर घेतले. मांसाच्या ताटातलं पाणी आटलं, ताट जमिनीवरच परत शिजू लागलं. मो मुद्दाम उशी बाजूला सारून बसला होता, तळव्याने जमीन चाचपत. पाच मिनिटांनी त्याने मुकाट्याने उशी ओढून घेतली. मग दुसरी, वर.

"सर," मो म्हणाला, आणि त्याला ते शब्द काढताना किती त्रास होत होता ते मी कधी विसरणार नाही, "मी तुमच्यावर संशय घेतला होता. त्या भाच्यावरूनही घेतला. पण चौदा वर्षं हात न लावलेला बॉयलर असा चालत असेल, तर आपण उगाच घाबरतो. मी ठराव मांडतो. बॉयलरच्या सर्व्हिसिंगचा विषय जिन्याच्या बैठकीत पुन्हा कधीही घेऊ नये. ज्यांनी नावं दिली आहेत त्यांनीही काढून घ्यावीत. आधार, योमसरांचा अनुभव." त्याने वही उघडली. "लिहू?"

सगळी माझ्याकडे बघत होती. आदराने, हो. आयुष्यात इतक्या आदराने कुणी बघितलं नसेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती निखळलेली नळी होती, आणि माझ्या भाषणापायी बिनसर्व्हिसिंगचे राहिलेले चौदा बॉयलर, चौदा गॅलऱ्या. खिडक्या सगळ्यांनी लावून घेतलेल्या, कारण थंडी होती आणि त्यांच्याकडे सोयासॉसच्या बरण्या नव्हत्या.

आणि मी उठलो. हो, उठलो. हे पटणार नाही म्हणूनच आधी सांगितलं. खोलीच्या मधोमध उभा राहिलो, आवाज जराही न कापता म्हणालो, "मोसाहेब, ठराव फाडा. मी खोटा आहे. माझा बॉयलर चौदा वर्षं पेटलाच नाही, मी मावशींच्या उबेवर जगलो. माझं ऐकून तुम्ही तुमच्या घरातली माणसं धोक्यात घातलीत. उद्याच्या उद्या मिस्त्री बोलवा, प्रत्येकाची नळी बघून घ्या." शांतता अशी की बॉयलर ऐकू येत होता. ६०१ वाल्या बाईंनी डोळे पुसले. मो उठला, त्याने मला मिठी मारली, आणि म्हणाला, "सर, शिक्षक असावा तर असा." मग मी स्वतःहून, कुणी न सांगता, फावडं उचललं...

कोपऱ्यातून लसणीची पाकळी वाडग्यात पडल्याचा आवाज आला. जमसुन मावशींनी दुसरी पाकळी हातात घेतली आणि मान वर न करता म्हणाल्या, "सर, उभे तुम्ही कुठले राहताय. मोसाहेबांनी ठरावाला हात वर करा म्हटलं तेव्हा पहिला हात तुमचा वर गेला, मी शेजारीच होते. ते सगळं बोलल्या त्या योंगरानवहिनी. त्यांनी तोंड उघडलं तसे तुम्ही उठलात, एवढं खरं, पण उठून न्हाणीघरात शिरलात, आतून कडी लावलीत, आणि शेवटचा माणूस चपला घालून जाईपर्यंत नळ सोडून बसला होतात."